मुलांच्या गावची नदी: थेम्सकाठची पायवाट

थेम्स पाथ ही इंग्लंडमधली नदीकाठची पायवाट ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एका कुरणात, थेम्सच्या उगमाजवळ सुरू होते आणि लंडनच्या पूर्वेला वुलिचजवळच्या प्रचंड पूर-दरवाजांपाशी संपते. तिची लांबी सुमारे १८४ मैल, म्हणजे जवळजवळ २९६ किलोमीटर. १९९६ साली ती राष्ट्रीय पायवाट म्हणून रीतसर खुली झाली. वाटेत ऑक्सफर्ड, रेडिंग, मेडनहेड, विंडसर आणि सबंध लंडन लागते. नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेली मराठी कुटुंबे बरीचशी याच पट्ट्यात स्थिरावलेली आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांची संख्याही मोठी आहे.

अशा मुक्कामाचा पहिला आठवडा राजवाडा, संग्रहालये आणि टॉवर ब्रिज पाहण्यात सरतो. मग मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत जाऊ लागतात. जावई घरून काम करत असला तरी दाराआड असतो. भाषा येत असते, पण एकट्याने कुठे जावे ते सुचत नाही. पर्यटनासाठी व नातलगांना भेटण्यासाठी मिळणाऱ्या साध्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते, आणि एवढा काळ खिडकीशी बसून काढणे कोणालाच मानवत नाही. थेम्सकाठची वाट या माणसांच्या फार उपयोगाची आहे. ती फुकट आहे, परवाना लागत नाही, चढउतार जवळजवळ नाही, आणि लंडन ते रेडिंग पट्ट्यात राहणाऱ्या बहुतेकांना ती घरापासून एखाद्या बसच्या किंवा आगगाडीच्या अंतरावर सापडते. ती सलग चालायला दोन आठवडे लागतात, पण सलग चालायची सक्ती कोणाचीच नाही. बहुतेक इंग्रज माणसेही ती सुट्टीच्या दिवशी तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षे चालतात.

ही वाट हौसेने चालणाऱ्यांसाठी आखलेली नव्हती. रेल्वे येण्यापूर्वी थेम्स हाच लंडन आणि आतल्या मुलखातला मालवाहतुकीचा मार्ग होता. धान्य, लाकूड आणि दगड खाली जात, कोळसा वर येई. प्रवाहाविरुद्ध जड पडाव न्यायचे तर ते दोरखंडाने काठावरून ओढावे लागत, आधी माणसांनी आणि पुढे घोड्यांनी. त्यासाठी अठराव्या शतकात काठाकाठाने ओढवाट सलग करण्यात आली. सगळे जमीनमालक मात्र राजी नव्हते. एखाद्याने आपल्या बागेतून घोडे न्यायला मनाई केली की वाट नदीपलीकडे जाई आणि घोड्यांना तरीवर चढवून पलीकडे उतरवावे लागे. आजही चालणाऱ्याला वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर उड्या मारताना दिसते त्याचे कारण बऱ्याच ठिकाणी हेच आहे.

एकोणिसाव्या शतकात ग्रेट वेस्टर्न रेल्वे थेम्सच्या खोऱ्यातून धावू लागली आणि पडावांचा धंदा बसला. विसाव्या शतकात नदीपार नेणाऱ्या तरीसुद्धा एकेक करून बंद पडल्या. वाट होती, पण तुटक झाली. १९४९ साली ब्रिटिश संसदेने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात फिरण्याच्या हक्काचा कायदा केला, आणि त्याच्या आधारे लांब पल्ल्याच्या पायवाटा आखल्या जाऊ लागल्या. पहिली पेनाइन वे १९६५ साली खुली झाली. थेम्सची पाळी यायला आणखी तीस वर्षे लागली, कारण इथे डोंगराळ माळ नव्हता, श्रीमंतांच्या बागा, नौका क्लब आणि लंडनच्या गोद्या होत्या. पायी फिरणाऱ्यांच्या संघटनांनी नेट सोडला नाही. जिथे तर बंद पडली होती तिथे पूल बांधले गेले. हर्लीजवळचा टेंपल येथील लाकडी पादचारी पूल १९८९ सालचा, लेचलेडजवळचा २००० सालचा. शेपरटनला मात्र अजून तर चालते. घाटावरची घंटा वाजवली की होडी येते.

वाटेवर पोचल्यावर एक खूण लक्षात ठेवावी लागते: ओक वृक्षाचे छोटे फळ. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या राष्ट्रीय पायवाटांचे ते चिन्ह आहे. फाटकांवर, खांबांवर आणि शहरात दिव्यांच्या खांबांवरही ते कोरलेले वा चिकटवलेले असते. वाट खासगी शेतातून गेली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कायद्याने सार्वजनिक आहे. मालक शेत विकू शकतो, वाट बंद करू शकत नाही. चालणाऱ्याकडून अपेक्षा एवढीच की फाटक जसे सापडले तसे ठेवावे, गुरांच्या मधून जाऊ नये आणि कचरा परत न्यावा.

उगम पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे. केंबल स्टेशनपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर एका ॲश झाडाखाली कोरीव दगड आहे आणि त्यापुढे दगडगोट्यांचा खळगा. वर्षातले बहुतेक महिने तिथे पाण्याचा थेंब नसतो. खडक चुनखडीचा, त्यामुळे पाणी जमिनीखालून वाहते आणि भूजलाची पातळी वर आली तरच, म्हणजे ओल्या हिवाळ्यात, इथे झरा फुटतो. महाबळेश्वर-त्र्यंबकेश्वरची सवय असलेल्या डोळ्यांना गोमुख, कुंड, देऊळ यांपैकी काहीच नसणे चुकल्यासारखे वाटते. पूर्वी इथे ‘ओल्ड फादर थेम्स’चा पुतळा होता. आपल्या नद्या माता. ही नदी मात्र दाढीवाला बाप. मोडतोड होऊ लागल्याने १९७४ साली तो पुतळा लेचलेडच्या सेंट जॉन्स लॉकपाशी हलवला, आणि आज तो तिथे येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांकडे पाहत पहुडलेला आहे.

उगम समुद्रसपाटीपासून सुमारे ११० मीटर उंचीवर आहे. संपूर्ण वाटेचा उतार तेवढाच, आणि गुडघे दुखणाऱ्यांना याहून दिलासा देणारा आकडा नाही. क्रिकलेड हे थेम्सवरचे पहिले छोटे शहर. तिथल्या नॉर्थ मेडो नावाच्या कुरणात एप्रिलमध्ये फ्रिटिलरीची जांभळी, चौकटीचौकटीची फुले फुलतात. ब्रिटनमधल्या या रानफुलाचा बहुतांश साठा या एकाच कुरणात उरला आहे. जुलैत गवत कापायचे आणि त्यानंतर गावाची गुरे सोडायची, हा क्रम शेकडो वर्षे मोडला नाही, म्हणून फुले टिकली. ऑक्सफर्डच्या वेशीवरचे पोर्ट मेडो हेही गायरानच. १०८६ सालच्या डूम्सडे नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे आणि आजही तिथे घोडे व गुरे चरतात. महाराष्ट्रात गायराने कशी गिळली गेली हे पाहिलेल्या माणसाने या मोकळ्या माळावर अर्धा तास तरी थांबावे.

लेचलेडपासून पुढे नदीत मोठ्या होड्या चालतात, आणि तिथून वाटेचा सर्वांत रंजक भाग सुरू होतो: लॉक. नदीवर बंधारे घालून पाण्याचे टप्पे केलेले आहेत. होडीला वरच्या टप्प्यातून खालच्यात उतरवण्यासाठी बाजूला दगडी हौद असतो, त्याला दोन्ही टोकांना दरवाजे. होडी हौदात शिरली की मागचा दरवाजा लावायचा आणि पुढच्या झडपा उघडायच्या. पाणी आपल्या वजनाने उतरते, त्यासोबत होडी खाली जाते आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. पंप लागत नाही. लेचलेड ते लंडन अशी ४५ लॉक आहेत. बहुतेक ठिकाणी रखवालदाराचे टुमदार घर, फुलांचे ताटवे आणि बाके असतात. काही ठिकाणी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहही. सात-आठ वर्षांच्या नातवंडाला घेऊन चालायचे असेल तर मुक्काम लॉकला धरावा. दरवाजे उघडण्याचा सोहळा पाहताना मुले कंटाळत नाहीत, आणि आजोबांनाही गुरुत्वाकर्षणाचा धडा सोदाहरण देता येतो.

ऑक्सफर्डला नदी विद्यापीठाला वळसा घालून जाते. याच पाण्यावर ४ जुलै १८६२ रोजी गणिताचे एक अध्यापक तीन छोट्या मुलींना होडीतून गॉडस्टोला घेऊन गेले आणि वाटेत त्यांना गोष्ट सांगितली. ती पुढे त्यांच्या लुईस कॅरॉल या टोपणनावाने ‘ॲलिस इन वंडरलँड’ म्हणून छापली गेली. मराठी वाचकाने इथे आणखी एका व्यक्तीची आठवण ठेवावी. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. ती त्यांना मिळायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

ऑक्सफर्डनंतर ॲबिंग्डन आणि वॉलिंगफर्ड ओलांडून वाट गोरिंगला पोचते. इथे एका बाजूला चिल्टर्न टेकड्या, दुसऱ्या बाजूला बर्कशायरचे माळ, आणि मधल्या खिंडीतून नदी. सबंध वाटेवर दृश्य म्हणून हा टप्पा सर्वांत देखणा, आणि थोडासा चढही इथेच लागतो. गोरिंगहून काही किलोमीटरवर, टेकडीवरच्या स्टोक रो गावात, घुमटाखाली सोनेरी हत्ती मिरवणारी एक विहीर आहे. तिची कथा आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक असते. एडवर्ड रीड नावाचा या भागातला अधिकारी उत्तर हिंदुस्थानात नोकरीला होता. आपल्या गावाकडे डोंगरावर पाण्याची किती टंचाई असते, हे त्याने काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितले होते. महाराजांनी ते लक्षात ठेवले आणि स्वखर्चाने ३६८ फूट खोल विहीर खणून दिली. १८६४ साली ती गावाला मिळाली. हिंदुस्थानातल्या राजाने इंग्लंडच्या खेड्याची तहान भागवली, हे नातवंडांना मुद्दाम नेऊन दाखवण्याजोगे आहे.

रेडिंगच्या पुढे नदी रुंद आणि श्रीमंत होते. हेन्लीला १८३९ पासून वल्हवण्याच्या शर्यती भरतात. जुलैच्या सुरुवातीला गेल्यास काठावर टोप्या, ब्लेझर आणि गर्दी यांचा उत्सव दिसतो. मार्लोचा झुलता पूल १८३२ सालचा. मेडनहेडचा रेल्वेपूल इझंबार्ड ब्रुनेल याने बांधला. त्याच्या विटांच्या कमानी इतक्या रुंद आणि बसक्या आहेत की त्या टिकणार नाहीत असे तेव्हाचे लोक म्हणत. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्याच कमानींवरून लंडन-रेडिंग गाड्या धावतात, आणि त्यांत बसून मराठी मुले-मुली कामावर जातात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात याच भागात हंसगणना होते: लाल आणि निळ्या-पांढऱ्या पोशाखातले नावाडी हंसांची पिले पकडून तपासतात, मोजतात आणि सोडून देतात. बाराव्या शतकापासूनचा हा रिवाज आहे.

विंडसरला राजाची खासगी बाग नदीपर्यंत असल्याने वाट पूल ओलांडून डॅचेटच्या काठाला जाते आणि पुढे पुन्हा परतते. मग रनीमीडचे कुरण येते. १५ जून १२१५ रोजी राजा जॉनने आपल्या सरदारांपुढे इथे मॅग्ना कार्टा मान्य केला. राजालाही कायदा लागू आहे, हे त्यात प्रथमच लेखी आले. कुरणात अमेरिकेच्या वकील संघाने १९५७ साली उभारलेले साधे वर्तुळाकार स्मारक आहे. मागच्या कूपर्स हिलवर हवाई दलाचे स्मारक. दुसऱ्या महायुद्धात ज्यांची थडगीसुद्धा नाहीत अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे तिथे कोरलेली आहेत. युद्धकाळातल्या ब्रिटिश हेर नूर इनायत खान यांचे नावही त्यांत आहे. याच टेकडीवर १८७२ ते १९०६ या काळात रॉयल इंडियन इंजिनीअरिंग कॉलेज होते. हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी लागणारे इंग्रज अभियंते तिथे तयार होत. कालवे, पूल आणि रस्ते यांच्या जुन्या सरकारी कागदांत ज्यांच्या सह्या सापडतात, त्यांच्यापैकी अनेकांनी या नदीकाठी मोजमाप शिकून मुंबईची बोट धरली होती.

टेडिंग्टनच्या लॉकनंतर नदीचा स्वभाव पालटतो, कारण इथवर समुद्राची भरती पोचते. कोकणातल्या खाड्या पाहिलेल्यांना हा बदल लगेच ओळखू येईल: गढूळ पाणी, उघडा पडणारा चिखल, दिवसातून दोनदा दिशा बदलणारा प्रवाह. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरतीला पातळीतला फरक सात मीटरच्या आसपास जातो. रिचमंड, चिझिक, पटनी या भागांत उधाणाच्या वेळी वाटच पाण्याखाली जाते, त्यामुळे भरतीच्या वेळा पाहूनच निघावे. लंडनमध्ये मोठ्या भागात वाट दोन्ही काठांनी आहे. हवी ती निवडता येते.

दक्षिण काठ निवडल्यास संसदेच्या समोर, आल्बर्ट एम्बँकमेंटवर, महात्मा बसवेश्वरांचा अर्धपुतळा लागतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ज्यांचे मंगळवेढ्याशी जुने नाते सांगितले जाते त्या बसवण्णांचा पुतळा ब्रिटिश संसदेसमोर पाहून सोलापूरकडच्या माणसाचा पाय अडखळल्यावाचून राहत नाही. तिथून थोडे पुढे कोविडमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ रंगवलेल्या लाल हृदयांची लांबच लांब भिंत आहे. वॉटर्लू पूल ओलांडून उत्तरेला गेले की दहा मिनिटांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली तिथे दाखल झाले, मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावे लागले, पुन्हा गेले आणि १९२३ साली डीएससी झाले. या काठाने चालणाऱ्या मराठी माणसाने तेवढा वळसा घ्यावा.

उत्तर काठावरचा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा दिसायला रुंद रस्ता, पण त्याच्या पोटात सांडपाण्याची मोठी गटारे आहेत. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचे काम चालवणे अशक्य झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला पैसा आणि अधिकार मिळाले. त्याने शहरभर भूमिगत गटारांचे जाळे उभारले. तरीही १९५७ साली नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने लंडनमधली थेम्स जैविकदृष्ट्या मेलेली असल्याचे म्हटले होते. आज तिच्यात शंभराहून अधिक जातींचे मासे आहेत आणि सीलही दिसतात. जोराच्या पावसात गटारे नदीत सांडण्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्यासाठी बांधलेला २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. वरच्या पट्ट्यात ही तक्रार अजून आहे, त्यामुळे पावसानंतर नदीत उतरू नये. मुळा-मुठा, पंचगंगा आणि मिठी यांच्याविषयी हताश होणाऱ्यांनी हा दीडशे वर्षांचा हिशेब बघावा: पैसा, कायदा आणि चिकाटी लागली, चमत्कार झाला नाही.

टॉवर ब्रिजनंतर रॉदरहाइद, डेप्टफर्ड आणि ग्रिनिच येतात. डेप्टफर्डला ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात जहाजे बांधली. ग्रिनिचला १८६९ चे चहावाहू जहाज ‘कटी सार्क’ कोरड्या गोदीत उभे आहे. तिथून काही किलोमीटरवर ५२० मीटर रुंदीच्या नदीपात्रात थेम्स बॅरियरची पोलादी दारे. उत्तर समुद्राचे उधाण लंडनमध्ये शिरू नये म्हणून ती वर उचलली जातात.

आता व्यवहाराच्या गोष्टी. चांगला काळ मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो. ओल्या हिवाळ्यात लेचलेड-ऑक्सफर्ड पट्ट्यातली कुरणे पाण्याखाली जातात आणि तिथे बसगाड्याही कमी, म्हणून पहिल्या खेपेस तो भाग टाळावा. दोन स्टेशनांमधला तुकडा घ्यावा: एका स्टेशनावर उतरायचे, चालायचे, दुसऱ्यावरून परतायचे. साठी ओलांडलेल्यांना मिळणारे रेल्वेचे ज्येष्ठ नागरिक कार्ड पाहुण्यांनाही विकत घेता येते आणि त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सवलत मिळते. पायात वापरून सैल झालेले, पाणी न शिरणारे बूट हवेत. नवे बूट घालून निघाले की फोड ठरलेले. पाठीवर पावसाळी जाकीट, डबा आणि पाण्याची बाटली. दशम्या-चटणी लॉकच्या बाकावर बसून खाण्यात कसलाही संकोच नको, इंग्रज माणूसही तिथे घरचे सँडविचच खात असतो. प्रवासी आरोग्यविमा आणि औषधे जवळ असावीत. इंग्लंडमध्ये पाहुण्यांना रुग्णालयातील बरेचसे उपचार पैसे मोजूनच मिळतात. एकट्याने निघणाऱ्याने घरी सुटण्याचे आणि पोचण्याचे स्टेशन सांगून ठेवावे.

एकच दिवस हाती असेल तर विंडसर ते स्टेन्स हा तुकडा निवडावा. अंतर सुमारे १३ किलोमीटर, वाट सपाट. राजवाडा, डॅचेट, रनीमीड, लॉक हे सगळे एका दिवसात येते. थकवा आला तर डॅचेटहूनच परतता येते, कारण डॅचेट आणि स्टेन्स ही दोन्ही स्टेशने विंडसरहून लंडनला जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. शनिवारी निघावे, म्हणजे मुलगा-सून आणि नातवंडेही सोबत येतील.